बुटांत कोरडं गवत

लाम्पा कुणाकडेही गेली की आधी पायांकडे बघायची, तोंडाकडे नंतर. "तोंड काय, माणूस हवं तसं करतो," ती म्हणायची, "टाचेला खोटं बोलता येत नाही." बोरोव्का गावात तिच्यासमोर उभं राहताना भलेभले पाय आखडून घेत. गावच्या बुटांच्या कारखान्याचे डायरेक्टर तिला बघून खुर्चीतून उठत नसत. त्यात उर्मटपणा नव्हता. उजवी टाच तिरकी झिजवायची त्यांना खोड होती, आणि लाम्पा ती चारचौघांत बोलून दाखवील याची धास्ती.

बापाच्या नावासकट पूर्ण नाव येवलाम्पिया सिसोयेव्ना. एवढं नाव घेईपर्यंत व्यात्का नदीच्या काठी ओठ गोठायचे, म्हणून लाम्पा. बाप नमदेवाला, म्हणजे लोकर थापून जाड नमदा करणारा, आजाही नमदेवाला. मेंढीची लोकर पिंजायची, कढत पाण्यात भिजवायची, मळायची, लाटायची, लाकडी साच्यावर चढवून ठोकायची. दोन दिवसांत तिचा गुडघ्यापर्यंत येणारा बूट होतो. शिवण नाही, जोड नाही. रशियात त्याला वालेन्की म्हणतात. उजवा-डावा हा भेदसुद्धा त्यात नाही. रोज अदलाबदल करून घालायचे, म्हणजे दोन्ही सारखे झिजतात.

या बुटाचा वैरी एकच, पाणी. म्हणून पुढे पाणी दिसलं की बोरोव्काचा माणूस विचारसुद्धा करत नाही. वालेन्की काढतो, आत कोरडं गवत ठासतो, उंच जागी जोडीने उभे करतो आणि अनवाणी पाण्यात शिरतो. पाय भिजला तर सुकतो, वालेन्की भिजले तर गेले. शिवाय गवत आतली ऊब धरून ठेवतं. परत येऊन गवत उपसायचं, बधिर पाय आत सरकवायचा, की जीव पायापासून वर चढत येतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. घास तोंडात घालायला कोण शिकवतं?

जर्मनांशी युद्ध पेटलं आणि एक्केचाळीसच्या शरदात बोरोव्का आणि आसपासच्या खेड्यांतले पुरुष गोळा करून एक रायफल डिव्हिजन उभी राहिली. तिला आकडा होता, पण गावाने तो कधी उच्चारला नाही. 'आपली डिव्हिजन', बस्स. तिच्याबरोबर एकोणीस वर्षांची लाम्पाही निघाली, बूट दुरुस्त करणाऱ्या पथकात. एक घोडागाडी, लोकरीचं पोतं, सुया, डांबर लावलेला दोरा, तीन म्हातारे मोची आणि ही. गाडी हाकायला शेजारचा याकिम शाबालिन. त्याची जीभ घोड्याच्या पुढे धावायची.

डिव्हिजन कुठे कुठे लढली हे कुणी विचारलं, तर लाम्पा नकाशाला हात लावत नसे. बोटांवर मोजायची. "बेचाळीस साल, दलदल, ओले वालेन्की. त्रेचाळीस, उन्हाळा, नुसतं चालणं, तळव्यांना भोकं, आत बर्चची साल घालून चालले बिचारे. चव्वेचाळीस, लाटव्हियाचा चिखल, टाचा उपटून घेणारा. पंचेचाळीस, समुद्राचा किनारा, आणि जर्मनांचे बूट. खिळे ठोकलेले, ढिगाने पडलेले. आत कुणी नाही." एवढं बोलून ती हात झटकायची. झाला इतिहास.

पण बेचाळीसच्या बोटावर ती दर वेळी जरा थांबायची.

त्या हिवाळ्यात डिव्हिजनच्या एका कंपनीवर लेफ्टनंट प्लातोन कोवतून नावाचा नवा अधिकारी आला. दक्षिणेचा, खेर्सोनकडचा, गहू आणि कलिंगडांच्या मुलखातला. वय चोवीस. धीट होता, माणसांच्या पुढे चालायचा. पण वालेन्की त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिले. लाम्पाने जोड हातात दिला तेव्हा तो उलटसुलट करून बघत राहिला.

"यातला डावा कुठला?"

"तुम्ही डावा पाय घालाल तो."

"माझी थट्टा करतेस?"

"लेफ्टनंटसाहेब, मेंढीला कुठं माहीत असतं, कुठली लोकर कुठल्या पायाची?"

मोची मिश्यांत हसले. कोवतून लाल झाला, पण निमूटपणे पाय घालून गेला. आठवड्याने परत आला. वालेन्की पाण्याने फुगून हत्तीच्या पायासारखे झालेले. लाम्पाने दुसरा जोड दिला. पंधरा दिवसांत त्याचीही तीच गत.

"हा तिसरा जोड! घालता की उकळून खाता?"

"डबकं मध्ये आलं तर काय उडून जाऊ?"

"काढून जा."

"बर्फाच्या पाण्यात? अनवाणी? लढाईत?"

"हो."

तो तिच्याकडे असा बघून गेला, जसं शहाणा माणूस वेड्यांच्या गावात बघतो.

त्याच कंपनीत लाम्पाच्या गल्लीतला तेरेन्ती वाख्रुशेव होता. तिच्या बापाच्या हाताखाली लोकर मळायला शिकलेला. सहा फूट उंच आणि मुखदुर्बळ. सप्टेंबरात त्याला मुलगी झाली, रुफिना. डिव्हिजन निघण्याआधी बापलेकीला अकरा दिवस मिळाले. मुलीचं वर्णन करायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं. तो गाडीपाशी यायचा, हाताची वीत दाखवायचा आणि म्हणायचा, "लाम्पा, तिचं पाऊल एवढंसुद्धा नाही."

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. दलदल एका आठवड्यात तळं झाली आणि उन्हाळी बूट काही आले नाहीत. रस्तेच पाण्याखाली, येणार कुठून? माणसं खंदकांत वालेन्की घालूनच बसली. कंपनीच्या दोनशे पावलं पुढे, पाण्यातल्या एका उंचवट्यावर चौकी होती. तिथे तोफखान्याचा एक सार्जंट टेलिफोन घेऊन बसायचा आणि गोळे कुठे टाकायचे ते मागे कळवायचा. त्याच्या राखणीला तेरेन्ती.

एका दुपारी जर्मनांनी तोफा सुरू केल्या. तार तुटली, चौकी मुकी झाली. समोरून जर्मन पाण्यातून येताना दिसू लागले आणि मागे आपल्या तोफा आंधळ्या. अर्ध्या तासाने टेलिफोन अचानक बोलू लागला. सार्जंटने आकडे सांगितले, गोळे बरोबर पडले आणि हल्ला पाण्यातच बुडाला. संध्याकाळच्या आत कोवतूनची माणसं चौकीवर पोचली. सार्जंट टेलिफोनवर ओणवा, मेलेला. तेरेन्ती नाही. रायफल नाही. नुसते त्याचे वालेन्की, एका खुंटावर शेजारी शेजारी नीट ठेवलेले, गवताने ठासून भरलेले.

तीन दिवस शोधलं. दलदल कुणाला सांगते काय गिळलं ते?

कोवतूनने अहवाल लिहिला. शेवटची ओळ अशी होती: 'आवाज होऊ नये म्हणून बूट काढून सैनिक शत्रूकडे गेला असण्याचा संभव आहे.' आणि ते बूट लाम्पाकडे पाठवून दिले. साफ कर, दुसऱ्याला दे.

लाम्पाने आत हात घातला. गवत कोरडं ठणठणीत, पीळ देऊन टाचेपर्यंत दाबलेलं. तिच्या बापाचा पीळ. ती बूट काखेत मारून चिखलातून तडक कोवतूनच्या भुयारात गेली.

"साहेब, परत न येणारा माणूस बुटांत गवत कशाला भरेल?"

"काय?"

"तो तार जोडायला पाण्यात उतरला. आणि परत येणार होता. पाय गरम करायची सोय करून गेलाय तो."

कोवतून चार रात्री झोपलेला नव्हता. त्याची सतरा माणसं त्या दिवशी गेली होती. "आमच्याकडे माणूस बूट काढतो तो एकतर झोपायला, नाहीतर पळायला."

"मग तुमच्याकडे बुटांची अक्कल नाही."

या वाक्यापायी लाम्पाने तीन दिवस बटाटे सोलले. चौथ्या दिवशी गाडीपाशी येऊन तिने दोन फाटकी नमद्याची भेंडोळी शेकोटीत टाकली आणि मुख्य मोच्याला सांगितलं, "वाख्रुशेवचा जोड जळाला." म्हाताऱ्याने आगीकडे पाहिलं, तिच्या पोत्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जळणारच. ठिणगी उडाली असेल."

ते वालेन्की पोत्याच्या तळाशी लोवत नदी ओलांडून गेले, लाटव्हियाच्या चिखलातून गेले, समुद्र बघून आले आणि पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात बोरोव्काला परत आले. गवतासकट. कसर लागू नये म्हणून लाम्पा दर वसंतात त्यांच्याभोवती तंबाखूची पानं बदलायची. गवताला तिने हात लावला नाही.

ती कारखान्यात लागली. भट्टीवरच्या एका माणसाशी लग्न केलं, दहा वर्षांनी त्याला पोचवून आली, आणि पुन्हा बुटांकडे वळली. इकडे कोवतूनच्या त्या एका ओळीने वाख्रुशेवांचं घर पोखरलं. तेरेन्तीच्या बायकोला शहिदाची विधवा म्हणून कुणी ओळखलं नाही. रुफिनाला नर्सिंगच्या शाळेत सांगितलं, जागा भरल्या. जागा पुढल्या वर्षीही भरलेल्याच होत्या. ती बुटांना इस्त्री करायच्या खात्यात आली, लाम्पाच्या शेजारच्या टेबलावर, आणि भांडण झालं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "पळपुट्याची पोर."

आणि कोवतून? तो बोरोव्काचा जावई झाला. डिव्हिजनमधल्या एका परिचारिकेशी लग्न केलं आणि निवृत्त लेफ्टनंट कर्नल होऊन बायकोच्या गावी राहिला. माजी सैनिकांच्या मंडळाचा अध्यक्ष तोच. विजयाला तीस वर्षं झाली म्हणून पंचाहत्तर साली डिव्हिजनचा इतिहास छापायचं ठरलं, तो लिहिणाराही तोच. कारखान्याच्या आवारात एक भिंत उभी राहत होती. तिच्यावर ओतीव लोखंडात गावच्या, युद्धात कामी आलेल्या चारशे बारा जणांची नावं. चारशे तेरावं नव्हतं.

मार्चअखेरीस मंडळाची बैठक भरली. चहाचा समोवार वाफाळत होता, कोबीच्या कचोऱ्या होत्या आणि कोवतून टंकलिखित पानं मोठ्याने वाचत होता. त्याचा आवाज चांगला होता. म्हातारे डुलत होते. बेचाळीसचा एप्रिल आला.

"'शत्रूचा मारा तीव्र होता. टेलिफोनची तार तुटली. अर्ध्या तासात संपर्क पुन्हा सुरू झाला आणि...'"

"कुणी केला?"

कोवतूनने चष्म्यावरून पाहिलं. "काय, येवलाम्पिया सिसोयेव्ना?"

"संपर्क. कुणी सुरू केला?"

"तारवाल्यांनी."

"कुठल्या?"

"आपल्या! कंपनीच्या मागे दोघं होते ना."

कोपऱ्यातून याकिम शाबालिनचं तोंड कचोरीतून मोकळं झालं. तो बहात्तरचा होता आणि तीस वर्षं घोड्यांशिवाय दुसऱ्या विषयावर बोलला नव्हता. "थांबा थांबा. ते दोघं तारवाले? एक बुटका आणि एक टकल्या? ते कसले तार जोडतायत! ते माझ्या गाडीत होते. दोघांच्या पोटऱ्या फुटलेल्या. पहिल्याच गोळ्यात. मीच नेलं त्यांना. माझी करडी घोडी तेव्हा लंगडत होती, उजव्या पुढच्या पायाने..."

"याकिम पोर्फिरिच, घोडी राहू द्या," लाम्पा म्हणाली. "तीस वर्षांत हे बोलला का नाहीत?"

"तीस वर्षांत कुणी विचारलं? सगळे म्हणायचे तारवाले. मला वाटलं दुसरे असतील."

समोवार तेवढा कुरकुरत राहिला.

"चौकीवर माणसं दोन," लाम्पा म्हणाली. "सार्जंट टेलिफोनवर मेला. मग तार कुणी जोडली, प्लातोन सावेलिच? बेडकांनी?"

"तो पळून गेला होता."

"अनवाणी? एप्रिलच्या पाण्यात? जर्मन तिकडून येत असताना हा त्यांना सामोरा पोहत गेला, मागे बुटांत गवत भरून?"

"मला जे दिसलं ते मी लिहिलं."

"दिसलं ते बरोबर दिसलं. कळलं नाही."

"कागदावर जे आहे ते आहे!" कोवतूनने पानं टेबलावर आपटली.

"कागद तुमच्याच हातचा ना?"

हे कुणी बोलत नसतं. शेजारच्या दोघांनी चहात तोंड घातलं. कोवतून हळू आवाजात म्हणाला, "यादी मंजूर झालीय. नावं ओतून झालीत. विजयदिन, नऊ मे, पाच आठवड्यांवर आलाय. एका बाईच्या बुटांपायी मी भिंत फोडू?"

"नका फोडू. मग माझंही नाव पुस्तकातून काढा. बूट दुरुस्ती पथक, पान एकशे तीन. मी स्वतः येऊन खोडून जाईन."

"धमकी देतेस?"

"नाही. माप दिलंय. पायाला बसतं का बघा."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलावर रुफिनाने तिला धरलं. "लाम्पामावशी, कशाला? तेहतीस वर्षांची झाले मी. सवय झालीय."

"काटा पायात मोडून तेहतीस वर्षं झाली की त्याला सवय म्हणतात का?"

"आणि समजा तो खरंच पळाला असेल तर?" रुफिना इस्त्रीवरून नजर न उचलता म्हणाली. "मी ओळखते का त्याला? अकरा दिवस."

लाम्पाने घरी जाऊन पोत्यातले बूट आणले, तंबाखूची पानं झटकली आणि रुफिनाच्या टेबलावर उभे केले. "हात घाल."

रुफिनाने मनगटापर्यंत हात घातला. ती नमद्याच्या गावची होती, बोटांना सगळं कळत होतं. तिची बोटं पीळ चाचपत टाचेपर्यंत गेली आणि तिथेच राहिली. बराच वेळ. वाफेच्या इस्त्रीखाली एका बुटाची कड करपली, वास सुटला, मुकादम ओरडत आला, तरी तिने हात काढला नाही.

"कधी जायचं पान खोडायला?" तिने विचारलं.

एप्रिलच्या मध्यावर व्यात्काचं बर्फ फुटलं आणि दरवर्षीसारखी खालची गल्ली पाण्याखाली गेली. रविवारी सकाळी दोघी पेन्सिल घेऊन कोवतूनच्या घराकडे निघाल्या. लाम्पाच्या काखेत एका पेन्सिलीसाठी लागू नये एवढं मोठं गाठोडं होतं. गल्लीच्या तोंडाशी दोघी कोवतूनच्या कुंपणाला टेकल्या, कारण पुढे गुडघाभर पाणी, वर बर्फाचे तुकडे.

कोवतूनच्या अंगणाचं तळं झालं होतं. टोकाला सशांचा पिंजरा तिरका तरंगत होता आणि आत ससे एकमेकांच्या अंगावर चढत होते. कोवतून दार उघडून बाहेर आला. अंगात जुना सैनिकी कोट, पायांत वालेन्की. पायरीशी थांबला. पाण्याकडे पाहिलं. मग, जराही विचार न करता, खाली बसला, वालेन्की काढले, सशांसाठी ठेवलेल्या भाऱ्यातून कोरडं गवत उपटलं, पीळ दिला, एकात ठासलं, दुसऱ्यात ठासलं, दोन्ही वरच्या पायरीवर जोडीने उभे केले. विजार गुडघ्यावर सरकवली आणि बर्फाच्या पाण्यात अनवाणी उतरला.

रुफिनाने लाम्पाचा दंड असा दाबला की वळ उठला.

तो अंगणाच्या मध्यावर पोचेपर्यंत लाम्पा थांबली. मग गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "लेफ्टनंटसाहेब! जर्मनांकडे निघालात का?"

कोवतून जागच्या जागी थांबला. त्याने वळून लाम्पाकडे पाहिलं नाही. त्याने आपल्या पायरीकडे पाहिलं. तिथे त्याचे वालेन्की उभे होते, शेजारी शेजारी, गवताने ठासलेले.

पाणी त्याच्या गुडघ्यांवर आपटत होतं. बर्फाचा एक तुकडा येऊन मांडीला घासून गेला. तो हलला नाही.

"प्लातोन!" आतून बायको ओरडली, "ससे बुडतायत!"

तेव्हा तो हलला. पिंजरा ओढत आणला, पायरीवर चढवला. पाय निळेजांभळे झाले होते. त्याने एका बुटातलं गवत उपसलं आणि पाय आत घातला. मग दुसरा. आणि डोळे मिटून बसून राहिला. त्याच्या तोंडावर जे आलं ते लाम्पाला ओळखीचं होतं. गोठलेल्या पायात जीव परत येतानाचं तोंड.

"आत गरम आहे," तो म्हणाला. कुणालाच म्हणाला नाही.

"असतंच," लाम्पा कुंपणावरून म्हणाली.

"तो परत येणार होता."

"तेहतीस वर्षं झाली तेच सांगतेय."

त्याने डोळे उघडले आणि लाम्पाच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे नीट पाहिलं. एवढी वर्षं तो तिला रस्त्यात टाळत आला होता. "रुफिना तेरेन्तीयेव्ना," तो म्हणाला. बापाच्या नावासकट तिला हाक मारणारा गावातला तो पहिला माणूस. पुढे त्याला बोलता आलं नाही, आणि रुफिनानेही त्याला मदत केली नाही. तिने कशाला करावी?

तेरेन्तीचं नाव यादीत घ्यावं म्हणून कोवतूनने तालुक्याला पत्र पाठवलं, जिल्ह्याला तार केली. जिल्ह्याचं उत्तर आलं: यादी मंजूर आहे, बदल सैनिकी कार्यालयाच्या संमतीनेच. सैनिकी कार्यालय म्हणालं: अहवाल स्पष्ट आहे, सही वाचता येते. सही त्याचीच होती.

नऊ मे उजाडला. कारखान्याच्या आवारात लाल कापड, बँड, पदकं खुळखुळवणारे म्हातारे. गावची प्रथा अशी, की अध्यक्ष एकेक नाव वाचतो आणि कामगारांची रांग एका आवाजात उत्तर देते: "लढताना कामी आला!" कोवतून वाचत गेला. चारशे बारा नावांना पाऊण तास लागला. शेवटचं नाव झालं, उत्तर आलं, बँडमास्तरने काठी उचलली. कोवतूनने कागद घडी करून खिशात घातला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला:

"वाख्रुशेव, तेरेन्ती."

हे नाव तालमीत नव्हतं. बँडमास्तरची काठी हवेतच राहिली. जिल्ह्याहून आलेले मुख्य पाहुणे आपली यादी चाळू लागले.

"तार जोडताना कामी आला!" लाम्पा गरजली. एकटी. आवाज भिंतीवर आपटून परत आला.

मग याकिम शाबालिन, खोकत, एका शब्दाने मागे: "जोडताना कामी आला!" मग इस्त्रीखात्यातल्या बायका. मग तो मुकादम. मग सगळी रांग, वेडीवाकडी, कुणी पुढे कुणी मागे, पण मोठ्याने. रुफिना ओरडली नाही. ती ताठ उभी राहिली, कोवतूनच्या तोंडाकडे बघत.

जिल्ह्याचे पाहुणे मंचावरून झुकले. "हे नाव मंजूर नाही, कॉम्रेड कोवतून. परवानगी कुणाची?"

"नाव मी घालवलं होतं. मीच परत आणलं. काय व्हायचं ते माझ्यावर."

"आणि पुरावा?"

लाम्पा तेच गाठोडं काखेत घेऊन मंचाच्या पायऱ्या चढली. गाठोडं सोडलं आणि वालेन्की पाहुण्यांच्या पुढ्यात, फुलदाणी आणि पाण्याच्या तांब्यामध्ये, जोडीने उभे केले. "दलदलीच्या मध्यावर, खुंटावर, असेच सापडले. तुम्ही मूळचे कुठले?"

"उर्झुमचा. का?"

"मग हात घाला आत."

पाहुण्यांनी आधी गर्दीकडे पाहिलं, मग हात घातला. व्यात्काकाठच्या माणसाचा हात होता. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या. हात काढून त्यांनी बोटाला चिकटलेली गवताची काडी पुन्हा बुटात खोचली, जिथून आली तिथे, आणि यादी मिटली.

"बँड वाजू द्या," ते म्हणाले.

तेरेन्तीच्या नावाची लोखंडी पाटी शरदात लागली. इतरांहून जरा वेगळ्या रंगाची, कारण ओतकाम दुसऱ्या वेळचं. पुस्तक त्याच्याही नंतर आलं. कोवतून स्वतः पहिली प्रत घेऊन लाम्पाच्या टेबलाशी गेला आणि पान उघडून उभा राहिला. तिने बोट ठेवून वाचलं: तेरेन्ती वाख्रुशेवने बर्फाच्या पाण्यात उतरून तार जोडली. पान एकशे तीनही तिने तपासलं. तिथे तीही होती. शेजारी रुफिनाने वाचलं, दोनदा, आणि इस्त्री पुन्हा उचलली.

"झालं समाधान?" कोवतूनने विचारलं.

"गवत कुठंय?"

"काय?"

"गवताचं कुठं लिहिलंय?"

"अगं बाई, डिव्हिजनच्या इतिहासात गवत लिहीत नाहीत!"

लाम्पाने पुस्तक मिटलं, त्याच्या हातात परत दिलं आणि त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "मग दुसरी आवृत्ती काढा. आणि तो डावा उद्या उजव्या पायात घाला, टाच झिजायला लागलीय."